सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाची फाइल उघडण्यापूर्वी : निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्या निवड आणि पदोन्नती समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

मी पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन थोडेफार संशोधन करते. आपल्या टेबलावर दरवर्षी माझ्या विषयातल्या माणसांच्या फायली येतात. पहिल्याच पानावर तीन आकडे असतात : एकूण पेपर, एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (किमान दहा-दहा सायटेशन मिळालेले दहा पेपर असतील तर तो दहा). पुष्कळदा फाइल तिथेच संपते. मागची पाने चाळली जातात, वाचली जात नाहीत. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचे काम या आकड्यांवरून जोखू नका, त्याच्या पेपरातला प्रयोगाचा भाग वाचा, आणि ते काम पुढे कुणाच्या हातून पुन्हा झाले का, कुणाच्या उपयोगी पडले का, एवढे विचारा, ही विनंती करण्यासाठी मी लिहीत आहे.

कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्यापासून सुरुवात करते. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांवर त्यांचे मोठे ऋण आहे. १९०१ साली मद्रासमध्ये जन्म, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन, मग लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन. १९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आपल्या यूडीसीटीत आले आणि १९३८ मध्ये तिथले पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर मॅकबेन आणि फिंच हे दोन परदेशी शास्त्रज्ञ होते. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघत गेला आणि जगभरच्या रंग कारखान्यांत तो हाताशी ठेवला गेला.

जगातला प्रत्येक सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ त्यांना ओळखतो तो मात्र एका अभिक्रियेमुळे. १९३३ साली वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महल यांचे एक छोटे टिपण 'करंट सायन्स'मध्ये आले. 'करंट सायन्स' तेव्हा बंगळुरात नुकतेच सुरू झालेले नियतकालिक होते. त्याच वर्षी ऑक्सफर्डला विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधली होती. म्हणून तिचे नाव पडले बेकर–वेंकटरामन पुनर्रचना. फ्लेवोन नावाची जी संयुगे फुलाफळांत, झाडांच्या सालीत आणि लाकडात सापडतात, ती प्रयोगशाळेत बनवायचा हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

तो कसा चालतो हे जरा जवळून सांगते, कारण फायलीतल्या आकड्यांमागे नेमके हेच असते. ऑर्थो-हायड्रॉक्सीअसेटोफेनोनवर पिरिडीनमध्ये बेन्झॉइल क्लोराइड घालायचे, मिश्रण बर्फात थंड केलेल्या सौम्य आम्लात ओतायचे, की पांढरा घन पदार्थ खाली बसतो. तो कोरडा करून पुन्हा पिरिडीनमध्ये विरघळवायचा, पन्नास अंशांच्या आसपास गरम करायचा आणि त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पूड टाकायची. ही पूड गरम केलेल्या खलात, झटपट करावी लागते. खल थंड असेल किंवा हात रेंगाळला तर ती हवेतले पाणी ओढते, गोळा होते आणि उतारा, म्हणजे हाती येणाऱ्या पदार्थाचे प्रमाण, घसरतो. सगळे नीट झाले तर पाव तासात फ्लास्कमध्ये पिवळा गाळ इतका घट्ट होतो की ढवळणी अडखळायला लागते. आम्लात तो मोकळा केला की पिवळे डायकीटोन मिळते. ते असेटिक आम्लात, थोड्या सल्फ्युरिक आम्लाबरोबर तासभर तापवून बर्फावर ओतले की फ्लेवोन. पेट्रोलियम ईथरमधून पांढऱ्या सुया येतात, शंभर अंशांच्या जरा आधी वितळतात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा त्या सुया येतात तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

खल गरम करण्याची ही बारीक सूचना 'ऑर्गॅनिक सिंथेसेस' या वार्षिकातल्या १९५२ च्या कृतीतून चालत आली आहे. ती लिहिणारे टी. एस. व्हीलर त्याआधी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. १९२१ पासून चालत आलेल्या या वार्षिकाचा नियम असा, की पाठवलेली प्रत्येक कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा करून बघायची. तिथे जमली तरच छापायची. आणि ज्यांनी पडताळली त्यांची नावे पानावर घालायची. विज्ञानातला विश्वास कसा तयार होतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आपल्या समितीच्या कुठल्याही तक्त्यात मात्र 'दुसऱ्याने करून पाहिले आणि जमले' यासाठी रकाना नाही.

आता सायटेशनचे बघा. आज कुणी फ्लेवोन बनवतो तेव्हा पेपरात लिहितो, 'बेकर–वेंकटरामन पुनर्रचनेने डायकीटोन मिळवले.' बस. पुष्कळदा शेजारी संदर्भाचा क्रमांक नसतो. असला तर तो अलीकडच्या एखाद्या समीक्षा लेखाचा, म्हणजे आधीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखाचा असतो. १९३३ च्या टिपणाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. काम इतके सर्वांचे होऊन गेले की ते कुणाचे, हे सांगायची गरज उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिले होते. त्यांचे म्हणणे असे, की एखादी कल्पना ज्ञानात पुरती मिसळून गेली की तिचा मूळ उगम पुसला जातो. सेंद्रिय रसायनशास्त्रात हे सतत घडते, कारण आमच्यात मोठ्या कामाला माणसाचे नाव लागते. ग्रिन्यार, विटिग, डील्स–आल्डर. नाव लागले की संदर्भ गळतो. म्हणजे जे काम सर्वांत जास्त वापरले जाते, तेच मोजणीत कमी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

महल यांचे काय? अभिक्रियेच्या नावात ते नाहीतच. पुढे सहलेखकांच्या गुणांबद्दल बोलायचे आहे, म्हणून हे आत्ताच नोंदवून ठेवते.

सुझुकी यांची बोरॉन संयुगांची जोडणी घ्या. २०१० चे नोबेल तिला आणि तिच्यासारख्या जोडण्यांना मिळाले. मियाउरा, यामादा आणि सुझुकी यांचा मूळ शोध १९७९ मध्ये 'टेट्राहेड्रॉन लेटर्स'मध्ये आला. पण लोक उद्धृत करतात तो मियाउरा आणि सुझुकी यांचा १९९५ चा 'केमिकल रिव्ह्यूज'मधला समीक्षा लेख, तोही मूळ निबंधापेक्षा कितीतरी अधिक. समीक्षा लेख लिहिणे कष्टाचे काम आहे, त्याचा मान आहेच. पण तरुण संशोधकाने यातून काय शिकायचे? फ्लास्कसमोर उभे राहण्यापेक्षा समीक्षा लेख लिहा, सायटेशन लवकर येतील. हे शिकलेले लोक मला भेटतात. त्यांना दोष देववत नाही. आपण त्यांना तेच शिकवले.

याउलट बाजूचेही सांगायला हवे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. सायटेशन कधीकधी अगदी योग्य ठिकाणी पडतात. १९७८ साली क्लार्क स्टिल, मायकेल कान आणि अभिजित मित्रा यांनी 'जर्नल ऑफ ऑर्गॅनिक केमिस्ट्री'त तीन पानांचा निबंध लिहिला : सिलिका भरलेल्या काचेच्या नळीवर हवेचा हलका दाब द्या, वेगळी करायची संयुगे तासांऐवजी मिनिटांत वेगळी होतील. तोच आमचा रोजचा फ्लॅश कॉलम. पुण्यातली कोणतीही सेंद्रिय प्रयोगशाळा आज त्यावाचून एक दिवस चालणार नाही, आणि तो निबंध भरपूर उद्धृतही झाला आहे. म्हणून सायटेशन खोटी असतात असे मी म्हणत नाही. ती एक खूण आहे. ती खूण वाचायला विषयातले डोळे लागतात, आणि एकट्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

ज्यांनी ही मोजणी सुरू केली तेही हेच सांगत होते. यूजीन गारफिल्ड मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर. रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याच्या पद्धतीवर त्यांनी भाषाशास्त्रात पीएच.डी. केली. १९५५ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात त्यांनी सायटेशन सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती सूची छापून बाहेर आली. हेतू होता एका पेपरावरून दुसऱ्याकडे जाण्याची वाट मिळावी हा, वाचकाला जुने काम सापडावे हा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळाली हा आकडा, निघाला तो सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवताना. एका माणसाला खुर्ची द्यायची की नाही यासाठी तो जन्माला आला नव्हता, आणि त्याच्या तशा वापराबद्दल गारफिल्ड यांनी स्वतः सावध केले होते. एच-इंडेक्स तर खूपच अलीकडचा : २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेला. त्यांच्यापुढे भौतिकशास्त्रज्ञ होते. आमची नैसर्गिक संयुगे, आमचे रंगद्रव्यांचे काम, आमची पेटंटे त्यांच्यापुढे नव्हती.

आणि आपण काय केले? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला तक्ता आठवा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या पेपराला ५ गुण, १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५, आणि १० च्या वर असेल तर ३०. हा इम्पॅक्ट फॅक्टर पेपराचा नसतो, ज्या नियतकालिकात तो आला त्याचा असतो. शेजाऱ्याच्या पेपराला संदर्भ मिळाले की माझे गुण वाढतात.

यातून काय होते याचे एक उदाहरण आमच्याच शेजारच्या विषयातले आहे. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांच्या एक्स-रे आकृत्यांवरून रेणूची रचना काढणारी शेलएक्स ही संगणक प्रणाली अनेक वर्षे खपून तयार केली. जगभरचे रसायनशास्त्रज्ञ ती वापरतात, आम्हीही वापरतो. २००८ मध्ये 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागात त्यांनी तिचा इतिहास लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांनी हा निबंध उद्धृत करावा असे सुचवले. हजारोंनी केला. त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, तो २००९ च्या यादीत जवळजवळ ५० वर गेला. एका निबंधामुळे. आपला तक्ता लावला तर त्या वर्षी तिथे छापून आलेल्या प्रत्येकाला ३० गुण मिळाले असते, त्याच्या स्वतःच्या पेपराला कुणी हातही लावला नसता तरी.

१९३३ चे ते टिपण आज आपल्यापुढे आले तर? 'करंट सायन्स'चा इम्पॅक्ट फॅक्टर १ च्या आसपास असतो. दहा किंवा पंधरा गुण. दोन लेखक म्हणून त्यातले प्रत्येकी सत्तर टक्के. आणि दोनापेक्षा जास्त लेखक झाले, आमच्याकडे ते बहुधा होतातच, की मुख्य लेखकाला सत्तर टक्के आणि बाकी प्रत्येकाला तीस. रेणूची रचना स्फटिकावरून सिद्ध करणारी, एनएमआरच्या (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणाऱ्या चुंबकीय तपासणीच्या) एकेका खुणेचा हिशेब लावणारी, किंवा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन अडलेली शेवटची पायरी सोडवून देणारी व्यक्ती कायम तीस टक्क्यांची राहते. अशा माणसांवर आमचा विषय उभा आहे. महल यांच्यासारखी किती नावे अशी आतल्या पानांत राहिली असतील!

वेळेचा प्रश्न मला सर्वांत जास्त बोचतो. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतले पेपर बघतो. बॅटरी, नॅनोकण किंवा उत्प्रेरक पृष्ठभाग यांवरचे काम वेगाने उद्धृत होते, कारण त्या क्षेत्रात माणसे जास्त आहेत आणि लाट मोठी आहे. झाडापासून संयुग वेगळे करून त्याची रचना ठरवण्याच्या कामाला कधी कधी तीस वर्षे वाट बघावी लागते. गुग्गुळाची हकिकत आठवा. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ च्या आपल्या प्रबंधात सुश्रुतातल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून गुग्गुळाचा सशांवर अभ्यास केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी त्या राळेतली संयुगे वेगळी करून १९७२ मध्ये 'टेट्राहेड्रॉन'मध्ये छापली. गुग्गुलस्टेरोन त्यातच होते. मग २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने 'सायन्स'मध्ये दाखवले की हेच गुग्गुलस्टेरोन पित्ताम्लांना ओळखणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाला रोखते, आणि जगभर या संयुगावर पेपरांचा पाऊस पडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल कमी झाले नाही असेही दिसले. वाद राहिला, अजून आहे. पण दोन्ही बाजूंचे लोक ज्या रेणूवर बोलत होते तो पुण्यात, राळेतून, हाताने वेगळा केलेला होता. १९७४ साली त्या तीन लेखकांपैकी कुणाची पदोन्नती दोन वर्षांच्या सायटेशनवर ठरली असती तर आकड्याने काय सांगितले असते? आणि सत्यवतींच्या प्रबंधाला आपल्या तक्त्यात जागाच नाही.

मग ते काम, जे मुद्दामच छापले जात नाही. ए. व्ही. रामा राव यूडीसीटीत शिकले आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेंकटरामन यांच्याच हाताखाली लाखेच्या रंगद्रव्यांवर पीएच.डी. झाले. पुढे ते हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत संचालक म्हणून गेले. एड्सवर तेव्हा उपलब्ध असलेले एझेडटी हे औषध परदेशी किमतीत आपल्या रुग्णांना परवडण्यासारखे नव्हते. रामा राव यांच्या प्रयोगशाळेने त्याची स्वस्त रीत तयार केली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध भारतात आणले. याच सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केले तेव्हा आफ्रिकेतल्या उपचारांचे चित्र पालटले. सेंद्रिय रसायनशास्त्राचा यापेक्षा मोठा परिणाम मला तरी सांगता येणार नाही. पण कारखान्यात गेलेली रीत कुणी उद्धृत करत नाही. ती फक्त चालवतात.

हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्राचेही तसेच. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी एका भारतीय झाडातून रोहितुकिन वेगळे केले, १९८८ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि त्यावरून फ्लेवोपिरिडॉल बनवले. पेशींच्या विभाजनावर ताबा ठेवणाऱ्या किनेज प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांत माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेले ते पहिले. रेणू बघितला तर वेंकटरामन ज्यांच्यावर आयुष्यभर काम करत होते त्याच फ्लेवोनच्या कुळातला. ते केंद्र नंतर राहिले नाही. तिथे काम केलेल्या पुष्कळांचे कर्तृत्व पेटंटांच्या कागदांत आहे, आणि आपल्या तक्त्यात भारतीय पेटंटाला ७ गुण आहेत, आंतरराष्ट्रीय पेटंटाला १०.

एका मुलाखतीबद्दल लिहिते. संस्था कोणती हे सांगणार नाही. माझ्या परिचयातली एक संशोधिका सहयोगी प्राध्यापक पदासाठी गेली होती. तिने एका वनस्पतीतल्या संयुगाची प्रकाशित रचना चुकीची आहे हे ओळखले होते, मूळ रचना आणि स्वतः सुचवलेली रचना अशी दोन्ही संयुगे प्रयोगशाळेत बनवली होती, आणि एनएमआर जुळवून कोणते खरे हे दाखवले होते. कित्येक वर्षांचे काम. पेपर चांगल्या नियतकालिकात आला, उद्धृत फार झाला नाही, कारण चूक दुरुस्त झाली की विषय मिटतो. मुलाखतीत तिला विचारले गेले, 'तुमचा एच-इंडेक्स एवढा कमी का?' त्या कामाबद्दल एकही प्रश्न आला नाही. निवड झाली त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. ते चांगले असतील. समितीने पेपर उघडलाच नाही, याचे दुःख आहे. तो उघडला असता आणि मग नकार दिला असता तर मी हे पत्र लिहिले नसते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि मला भेटलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी म्हटलेही, की आकडे काढून टाकले तर वशिला शिरेल. ही भीती खरी आहे. आपल्याकडे मुलाखतीआधीच नाव ठरलेले असते अशी चर्चा महाविद्यालयांच्या व्हरांड्यात होते आणि ती दर वेळी निराधार असतेच असे नाही. ज्याच्यामागे कुणी नाही अशा तालुक्याच्या गावातून आलेल्या उमेदवाराला आकडा हाच आधार वाटतो. मला त्याची कदर आहे. पण आता आकडेही विकत मिळायला लागले आहेत. पैसे घेऊन पेपरावर नाव घालून देणारे आहेत, आपापसात एकमेकांना उद्धृत करणाऱ्या टोळ्या आहेत. कोणत्याही निकषाविना काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी जाहीर केली, तिचे काम पुण्यातच चालले. २०२५ मध्ये ती यादी बंद करावी लागली. 'जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत' आल्याचे फलक दरवर्षी महाविद्यालयांच्या फाटकांवर लागतात. ती शास्त्रज्ञांची यादी स्कोपस या सायटेशन नोंदवणाऱ्या माहितीसाठ्याच्या आकड्यांवरून काढलेली आहे, त्यातल्या कुणाचाही प्रयोग कुणी करून बघितलेला नाही. तेव्हा आकडा वशिल्याला अडवतो हा भरवसा आता उरलेला नाही. वशिल्याला अडवते ती लेखी कारणे देण्याची सक्ती. ज्याला नाकारले त्याला कोणता पेपर वाचून आणि का नाकारले, हे लिहून द्या. वशिल्याच्या उमेदवारासाठी असे कारण लिहिणे फार अवघड जाते.

बाहेरच्या जगाने याचा विचार केला नाही असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या जाहीरनाम्याने माणसांच्या मूल्यमापनासाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असे स्पष्ट म्हटले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे हे जाणकारांच्या मताला पूरक असावेत, पर्याय नव्हे, असे मांडले. आपल्या समित्यांना ते स्वीकारायला कुणाची परवानगी लागत नाही. गुणांचा तक्ता छाननीपुरता बंधनकारक असेल, तर छाननीनंतर मुलाखतीच्या खोलीत काय बघायचे हे आपल्याच हातात आहे.

तिथे काय बघावे असे मला वाटते, ते सांगते. उमेदवाराकडून स्वतःचे उत्तम वाटणारे फक्त तीन पेपर मागवा, त्यांच्या पूरक माहितीसकट. ही पूरक माहिती म्हणजे पेपराच्या मागे जोडलेली ती शंभर-दीडशे पाने, ज्यांत प्रत्येक संयुगाची कृती, उतारा, द्रवणांक आणि एनएमआरचे आलेख असतात. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा तिथे दिसतो. प्रोटॉनच्या आलेखात विद्रावकाची खूण आहे की खोडून काढली आहे, उतारा प्रत्येक वेळी नव्वदच्या वर कसा, बासष्ट टक्के आला तर बासष्टच लिहिला आहे का, कोणते प्रयोग जमले नाहीत याचा उल्लेख आहे का. जाणकार माणसाला अर्ध्या तासात कळते. समितीवर असा एक तरी जाणकार असावा, आणि 'रसायनशास्त्र' एवढ्या मोठ्या छत्राखाली भौतिक रसायनशास्त्राच्या तज्ज्ञाकडून नैसर्गिक संयुगांची परीक्षा घेऊ नये.

मग एक प्रश्न विचारा : हे काम दुसऱ्या कुणी केले का? दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या कुणाचे पत्र, एखाद्या कारखान्याने रीत घेतल्याचा कागद, एखाद्या प्रबंधातला उल्लेख, कुणाला पाठवलेले संयुग. आमच्याकडे संयुगे मागवण्याची आणि पाठवण्याची जुनी रीत आहे. छोट्या कुपीत काही मिलिग्रॅम, वर चिकटवलेला कागद. अशा कुप्या कुणी किती आणि कुणाला पाठवल्या हे कुठल्याच सूचीत येत नाही, पण विचारले तर उमेदवार सांगेल आणि पडताळताही येईल.

सहलेखकांना तीस टक्क्यांत कोंबू नका. प्रत्येक पेपरात उमेदवाराने काय केले हे त्यालाच दोन ओळींत लिहू द्या आणि मुलाखतीत त्यावर खोदून विचारा. ज्याने केले आहे तो खल का गरम करायचा हे सांगू शकतो. ज्याने नाव घातले आहे तो सांगू शकत नाही.

आणि विद्यार्थी. वेंकटरामन यांच्या हाताखाली मुंबईत आणि पुण्यात तयार झालेली माणसे पुढे प्रयोगशाळांत, रंग आणि औषधांच्या कारखान्यांत पसरली. बाळ दत्तात्रय टिळक त्यांच्यानंतर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, रामा राव यांच्याबद्दल वर लिहिलेच आहे. वेंकटरामन यांच्या कारकिर्दीचा एच-इंडेक्स मी कधी काढून पाहिला नाही, पाहणारही नाही. उमेदवाराने कुणाला घडवले, ती माणसे आज कुठे काय करतात, हेही त्याच्या संशोधनाचाच भाग म्हणून विचारात घ्या.

पुढच्या पदोन्नतीच्या फेरीसाठी आपल्या विद्यापीठांची परिपत्रके निघतील तेव्हा अर्जाच्या नमुन्यात हे तीन रकाने घालावेत : निवडक तीन पेपर पूरक माहितीसह, स्वतःच्या वाट्याचे काम, आणि इतरांनी केलेल्या वापराचा पुरावा. नकार दिल्यास लेखी कारणे कळवावीत. नमुना तयार करायला मदत लागली तर माझ्यासारखे अनेक शिक्षक आपल्या सुट्टीत बसून ते काम करतील, आणि अर्जांतली पूरक माहिती वाचून देण्याचेही काम विनामोबदला करतील.

कळावे,

आपली नम्र,
सेंद्रिय रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे